दोन फ्लश समोरासमोर आले की डाव कुणाचा?

लक्ष्मीपूजन आटोपलं की सोलापुरात घरोघरी पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. पूर्वी तो तीन पत्तीसाठी निघायचा. आता मोबाइलवर पोकर शिकलेली पोरं पाच पानांचा डाव मांडतात, आणि दोघांकडे फ्लश (पाचही पानं एकाच चिन्हाची) आला की वाद ठरलेला. एक जण म्हणतो, "इस्पिक भारी असतंय बे, डाव माझा." दुसऱ्याचं म्हणणं, "शो तू मागितलास, तू हरलास." तिसरा म्हणतो, निम्मं-निम्मं करा. गंमत अशी, की हे तिन्ही नियम कुठे ना कुठे खरे आहेत. फक्त ते तीन वेगळ्या वाटांनी आले आणि एकाच सतरंजीवर बसले.

एकाच चिन्हाच्या पानांना बक्षीस देण्याची कल्पना पोकरपेक्षा खूप जुनी. सोळाव्या शतकात युरोपात प्रिमेरो नावाचा चार पानांचा खेळ जोरात होता. अठ्ठी, नव्वी, दश्शी काढून टाकलेल्या ४० पानांत तो चाले. त्यात प्रत्येक पानाला गुण होते: सत्तीला २१, छक्कीला १८, एक्क्याला १६, पंजीला १५, चव्वीला १४, तिर्रीला १३, दुर्रीला १२ आणि राजा, राणी, गुलामाला फक्त १०. चारही पानं एका चिन्हाची असलेले दोन हात भिडले की गुणांची बेरीज करायची, ज्याची जास्त त्याचा डाव. म्हणजे तिथे राजापेक्षा सत्ती दुपटीहून मोठी! बेरजेची ही पद्धत पुढे पोकरमध्ये आली नाही, पण नवशिके आजही नकळत तीच वापरतात.

तीन पत्ती आली ती इंग्रजांच्या ब्रॅग या तीन पानांच्या खेळातून. तिथे कलरला (तीन पानांच्या फ्लशला) कलर भिडला की आधी सगळ्यांत मोठं पान बघतात, मग दुसरं, मग तिसरं. तिन्ही सारखी निघाली तर शोचे, म्हणजे समोरच्याची पानं उघडायला लावण्याचे, पैसे मोजणारा हरतो. हा नियमही ब्रॅगचाच. शो मागणाऱ्याने समोरच्याला मागे टाकलं पाहिजे, बरोबरी पुरेशी नाही, असा त्यामागचा हिशेब. शेवटी दोघंच उरल्यावर शो होतो, म्हणून तो तिथे चालून जातो. पोकरमध्ये शेवटी चार-पाच जणही पानं उघडतात. तिथे तो लावायचा म्हटला तर लावणार कुणाला?

तीन पत्तीतून येणाऱ्याची आणखी एक अडचण होते. तिथे सिक्वेन्स, म्हणजे ओळीने आलेली पानं, कलरपेक्षा मोठी, पोकरमध्ये उलट. ही कुणाची लहर नाही, मोजणी आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साध्या, म्हणजे मिश्र चिन्हांच्या, सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांचे २५,९८,९६० हात, त्यांत साध्या सिक्वेन्स १०,२०० आणि फ्लश ५,१०८. दुर्मीळ ते मोठं, एवढाच नियम.

पोकरची लेखी नोंद सापडते ती १८२९ साली न्यू ऑर्लिन्सला निघालेल्या बोटीवरच्या डावाची. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाने तो पाहिला होता. तेव्हा कॅट २० पानांचा असे, एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एका चिन्हाची पानंच मुळी पाच, त्यामुळे दोन फ्लशची तुलना करण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे ५२ पानांचा कॅट आला, पानं बदलून घेण्याची सोय आली आणि फ्लशला खरा अर्थ आला. तुलनेची रीत ब्रॅगसारखीच राहिली: मोठ्या पानापासून खाली, एकेक पान. चिन्हाला दर्जा नाही.

ही रीत बेरजेपेक्षा किती वेगळी ते बघा. एकाकडे बदामचे राजा, दश्शी, सत्ती, चव्वी, दुर्री. दुसऱ्याकडे इस्पिकचे राजा, नव्वी, अठ्ठी, छक्की, पंजी. राजाला १३ धरून बेरीज केली तर पहिल्याची ३६, दुसऱ्याची ४१. तरी डाव पहिल्याचा. राजाला राजा कटला, दश्शीने नव्वीला मारलं, तिथेच निकाल लागला. खालची पानं बघायचीसुद्धा नाहीत. पाचही आकडे जुळले तरच डाव वाटायचा. आकड्यांच्या हिशेबाने फ्लशचे १,२७७ प्रकार होतात, तेव्हा वेगवेगळ्या चिन्हांचे दोन फ्लश भिडले तर बरोबरीची शक्यता १,२७७ मध्ये एक. सोलापुरात ज्या वादावर रात्र सरते, त्यातली खरी बरोबरी अशी क्वचितच असते. बहुतेकदा कुणीतरी तिसरं-चौथं पान न बघताच "सेम सेम" म्हणून मोकळा झालेला असतो.

पोरं मोबाइलवर खेळतात ते मात्र टेक्सास होल्डेम. पाच पानं मधे उघडी, दोन हातात, सातांतली सगळ्यांत भारी पाच धरायची. त्याचं जन्मगाव टेक्सासमधलं रॉब्सटाउन, हे तिथल्या विधिमंडळाने २००७ मध्ये मान्य केलं. या प्रकाराने बरोबरीचं गणितच बदललं. फ्लश व्हायला मधली किमान तीन पानं एका चिन्हाची लागतात आणि पाच पानांत अशी दोन चिन्हं बसत नाहीत. त्यामुळे भिडणारे फ्लश नेहमी एकाच चिन्हाचे. "इस्पिक की बदाम" हा वाद होल्डेममध्ये उद्भवूच शकत नाही.

इथे चूक वेगळीच होते. मधे किलवरचे एक्का, गुलाम, अठ्ठी, पंजी आणि बदामची तिर्री आहे. एकाच्या हातात किलवरची राणी आणि चौकटची छक्की, दुसऱ्याकडे किलवरची दश्शी आणि सत्ती. दुसरा म्हणतो, माझी दोन्ही पानं किलवरची. त्याने काही फरक पडत नाही. पहिल्याची पाच पानं एक्का, राणी, गुलाम, अठ्ठी, पंजी. दुसऱ्याची एक्का, गुलाम, दश्शी, अठ्ठी, सत्ती. दुसऱ्याच पानावर राणी जिंकते.

बरोबरी होते ती मधली पाचही पानं एका चिन्हाची आल्यावर. समजा बदामचे राजा, गुलाम, नव्वी, छक्की, चव्वी मधे आहेत. हातातली बदामची तिर्री निरुपयोगी, पण बदामची पंजी चव्वीला हटवून डाव घेऊन जाते. चव्वीपेक्षा मोठं बदामचं पान कुणाकडेच नसेल तर सगळ्यांत सारखी वाटणी. ओमाहा या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात हातातली नेमकी दोन पानं वापरावीच लागतात, म्हणून तिथे फ्लशची बरोबरी कधीच होत नाही.

मग "इस्पिक भारी" आलं कुठून? ब्रिजमधून. तिथे बोली लावताना इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असा उतरता क्रम असतो. काही घरांत तीन पत्तीची बरोबरीही याच क्रमाने सोडवतात. घरचा नियम म्हणून ठीक आहे, पण तो पानं वाटण्याआधी सांगितलेला बरा.

पोकरने हा क्रम अगदी टाकलेला नाही. शंभर चिंचोके तिघांत वाटले तर प्रत्येकी ३३, एक उरतो. होल्डेममध्ये तो जिंकलेल्यांपैकी डीलरच्या बटणाच्या (पानं वाटण्याची पाळी दाखवणाऱ्या चकतीच्या) डावीकडे सगळ्यांत आधी बसलेल्याला जातो. काही पानं उघडी, काही झाकलेली वाटतात त्या स्टड प्रकारात बसण्याच्या जागेवर जात नाहीत, मोठ्या पानावर जातात आणि ते पान सारखं असेल तर चिन्हाचा क्रम बघतात. तेवढ्यापुरतं इस्पिक खरंच भारी, पण एका चिंचोक्यापुरतं.