पायरो
पायरो : (इ. स. पू. सु. ३६०–सु. २७०). ग्रीक तत्त्वज्ञ. पाश्चात्त्य संशयवादाचा (निश्चित ज्ञानाविषयी शंका घेणाऱ्या मताचा) आद्य प्रवर्तक म्हणून प्रसिद्ध. ग्रीक उच्चार पिर्रोन. पेलोपनीसमधील ईलिस नगराचा हा रहिवासी आधी चित्रकार होता. तेथील व्यायामशाळेत त्याने रंगविलेले मशालधारी पुढे जतन झाले होते. मात्र काम बेताचेच होते, असे तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजीनीझ लेअर्शियसने नोंदविले आहे. पुढे तो ॲब्डेराच्या ॲनक्झार्कस या तत्त्वज्ञाचा शिष्य झाला व त्याच्यासोबत अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतात आला.

येथे त्याला ‘नग्न ज्ञानी’ (विवस्त्र राहणारे भारतीय तपस्वी) भेटले आणि त्यातूनच त्याचे तत्त्वज्ञान घडले, असे परंपरा सांगते. भारतीय प्रभाव कितपत, याविषयी मतभेद आहेत. ‘आहे’, ‘नाही’, ‘दोन्ही’, ‘दोन्ही नाही’ ही पायरोपंथीयांची चौकडी बौद्धांच्या चतुष्कोटीशी (चार पर्यायांच्या मांडणीशी) व बुद्धकालीन संशयवादी संजय बेलट्ठिपुत्ताच्या उत्तरांशी जुळते, याकडे फ्लिंटॉफ या अभ्यासकाने १९८० मध्ये लक्ष वेधले. बेकविथ (२०१५) या अभ्यासकाच्या मते तर पायरोने वस्तूंना लावलेली तीन विशेषणे (अभिन्न, अस्थिर, अनिर्णेय) म्हणजे अनित्य, दुःख व अनात्म या बौद्ध त्रिलक्षणाचेच रूपांतर होय. हे शब्दशः जुळविणे ओढूनताणून केल्यासारखे वाटते. तक्षशिलेच्या मंडनिस या ज्ञान्याची तक्रार येथे आठवावी : तीन दुभाष्यांमार्फत तत्त्वचर्चा करणे म्हणजे चिखलातून नितळ पाणी वाहण्याची अपेक्षा धरणे. शिवाय ‘हे त्यापेक्षा अधिक नव्हे’ हा पायरोपंथीयांचा वाक्प्रयोग ग्रीक तत्त्वज्ञ डिमॉक्रिटसच्या परंपरेत आधीच होता. प्रभाव मानायचाच, तर तो तर्कापेक्षा आचरणात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. राजदरबाराची चाकरी करणारा इतरांना सद्गुण काय शिकविणार, असे एका भारतीयाने ॲनक्झार्कसला सुनावले. ते ऐकून पायरो एकांतात राहू लागला, अशी कथा आहे.

त्याने तात्त्विक लेखन केले नाही. फ्लायसचा टायमन हा शिष्य, त्याचा गोषवारा देणारा ॲरिस्टोक्लीझ आणि त्याला उद्धृत करणारा युसीबियस, अशा तीन हातांतून मुख्य उतारा आपल्यापर्यंत आला आहे. त्यानुसार वस्तू सारख्याच अभिन्न, अस्थिर व अनिर्णेय आहेत. ‘म्हणून’ आपली संवेदने व मते खरीही नाहीत, खोटीही नाहीत. त्सेलर या जर्मन अभ्यासकाने येथे ‘म्हणून’ऐवजी ‘कारण’ असा पाठ सुचविला. तो मानल्यास दोष ज्ञानसाधनांकडे (संवेदने व मते यांकडे) जातो. मूळ पाठात अनिश्चितता वस्तूंतच राहते. हस्तलिखितांतील पाठातून अर्थ नीट लागतो, तेव्हा तो बदलण्याचे कारण दिसत नाही. मते न धरणाऱ्यास प्रथम मौन व मग अक्षोभ (अताराक्सिया, म्हणजे मनाची शांती) लाभतो.

वाटेतल्या गाड्या, कुत्री, कडे यांपासून तो स्वतःला वाचवीत नसे, मित्रच सांभाळीत, ही चरित्रकार अँटिगोनसची माहिती. पुढील काळातील संशयवादी ईनेसिडेमसने ती नाकारली आहे. नव्वदीच्या घरात पोचलेल्या माणसाबद्दल दुसरे मतच पटते. सुईण असलेल्या फिलिस्टा या बहिणीबरोबर तो राही. घर झाडी, कोंबड्या व डुकराची पिले बाजारात नेऊन विकी. वादळात जहाजावरील सारे घाबरले असता, निवांतपणे खात असलेल्या डुकराच्या पिलाकडे बोट दाखवून ज्ञान्याने असे स्वस्थ असावे, असे तो म्हणाला. मात्र एकदा कुत्रा अंगावर धावून आला तेव्हा तो दचकला, आणि माणूसपण पुरते उतरवून ठेवणे अवघड आहे, अशी कबुली त्याने दिली. ईलिसकरांनी त्याला मुख्य पुरोहित नेमले व त्याच्याखातर तत्त्वज्ञांना करमाफी दिली.

इ. स. पू. पहिल्या शतकात ईनेसिडेमसने पायरोच्या नावाने पंथ पुन्हा उभा केला. सेक्स्टस एम्पिरिकस या पायरोपंथीय लेखकाच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५६२ मध्ये निघाले. फ्रेंच निबंधकार माँतेन्यने त्यातील वचने आपल्या ग्रंथालयाच्या तुळयांवर लिहवून घेतली होती.