जाड तार आणि कडक तार

"कानातल्याचा आकडा उघडतोय? मग जाड तार घे." तारेचे दागिने करणाऱ्यांत हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो की तो चूक का आहे हे दरवेळी पहिल्यापासून सांगावं लागतं. जाडी वेगळी, कडकपणा वेगळा. तांब्याची जाड तार अगदी मऊ असू शकते आणि सुईहून बारीक तार चांगली कडक.

जाडीबद्दल बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, त्याचा नंबर वाढला की तार बारीक होते. एवढंच बघा की अमेरिकन व्हिडिओतलं २० गेज म्हणजे ०.८१ मिमी आणि आपल्याकडे मोटरच्या वाइंडिंगच्या तारेत वापरतात ते ब्रिटिश मापाचं २० गेज म्हणजे ०.९१ मिमी. कानाच्या भोकाला हा फरक कळतो. मी गेज सांगतच नाही, मिलिमीटर सांगते. पेंडंटच्या चौकटीला १ मिमी, आकड्याला ०.८, मोत्यांना ०.४ ते ०.५. जाडीचं झालं.

आता कडकपणा. तारेचा वीतभर तुकडा घ्या, एक टोक धरून दुसरं जरासं वाकवा आणि सोडा. वाकली तशीच राहिली तर मऊ. उसळून सरळ झाली तर कडक. वाकवायला जोर किती लागला याकडे बघायचं नाही, कारण घोळ नेमका इथेच होतो. जाडी दुप्पट झाली की तार कायमची वाकवायला साधारण आठपट जोर लागतो. तो जोर बोटांना जाणवतो आणि आपण म्हणतो, "बाई गं, केवढी कडक आहे!" पण ती कडक नसते, जाड असते. आकड्याला हवं असतं ते सोडल्यावर जागेवर परत येणं. मऊ तारेचा जाड आकडा ओढणीत अडकून एकदा उघडला की उघडाच राहतो, आणि तो जाड केल्याने कानाला त्रास तेवढा वाढतो.

हा कडकपणा बाजारातूनच आणावा लागतो असं नाही. तांबं, पितळ, चांदी यांना ठोकलं, ओढलं, पिळलं की ते कडक होत जातात. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावर मठारकाम करतात ते नुसतं देखणेपणासाठी नसतं, त्या ठोक्यांनी पत्रा मजबूत होतो. आकड्याचंही तेच करायचं. आकार देऊन झाला की ऐरणीवर ठेवून लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने सगळीकडून हलके ठोके द्यायचे आणि मग वरची चाचणी परत करायची. लोखंडी हातोडी नको, तार चपटी होते.

आणि एक गैरसमज तर मला अजिबात सहन होत नाही: "तार तापवून पाण्यात बुडव, कडक होईल." हे लोहाराच्या पोलादाचं खरं आहे. तांब्याचं आणि चांदीचं बरोबर उलट आहे. तापवल्यावर ती मऊ होतात, पाण्याने फक्त लवकर गार होतात. सोनार तार ओढताना मधून मधून तापवतो ते ती पुन्हा मऊ व्हावी म्हणूनच. मलाही एका वर्गात हे उलटं शिकवलं होतं, आणि वर्षभर मी ठोकून कडक झालेले आकडे शेवटी जाळावर धरून पुन्हा मऊ करत होते. तापवायचंच असेल तर मणी ओवायच्या आधी. मोती जळतो, अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग उडतो. वाइंडिंगची तार तर तापवूच नका, तिच्यावरच्या लेपाचा धूर होतो.

म्हणून मी सगळी तार मऊच विकत घेते. हवी तिथे कडक करता येते, आणि एकाच दागिन्यात दोन्ही लागतात. नथ बघा: आकड्याला उसळी हवी, पण मोती बांधणारी बारीक तार मऊच हवी, नाहीतर ती मोत्याला बिलगत नाही. दोन-तीन धातू एकत्र घेताना हे जास्तच सांभाळावं लागतं. तांब्याच्या चौकटीवर पितळेची बारीक तार विणताना पितळ भराभर कडक होतं. तेच वळण दोनदा उलगडून पुन्हा घातलं की तुटतंच. ९२५ चांदी (हजारात ९२५ भाग चांदी) ९९.९ टक्के शुद्ध चांदीपेक्षा आधीपासूनच कडक, म्हणून विणायला मी शुद्ध चांदी घेते आणि आकड्याला ९२५. ज्या नमुन्यात फक्त "२२ गेज" लिहिलंय आणि मऊ की कडक ते लिहिलेलं नाही, तो मी बाजूला ठेवते.

खड्यांमध्ये सर्वात जास्त जपावं लागतं ते अ‍ॅपोफिलाइटला. पुणे, नाशिक, जळगावकडच्या बेसाल्टच्या खाणींत तो सुंदर मिळतो, पण त्याचे थर एका दिशेने सहज सुटतात. कडक तार त्याच्या कडेवर उसळली की पापुद्रा निघालाच. त्याला ०.५ ची मऊ तार घ्या आणि शेवटचे वेढे पक्कड न लावता बोटांनीच बसवा.