बिनदारांचं गाव: दार नाही, की कवाड नाही?

शनिशिंगणापूरच्या ‘बिनदारांचं गाव’ या टोपणनावाची मुळं पुरात वाहून आलेल्या शिळेच्या कथेत आहेत. पानसनाल्याला पूर आला, काळी शिळा बोरीच्या झाडाला अडकली, गुराख्यानं काठी टोचली तर रक्त आलं. रात्री स्वप्नात दृष्टान्त झाला. मामा-भाच्यांनी उचलली तेव्हाच शिळा हलली. डोक्यावर छप्पर नको, गावाची राखण मी करतो, असं देवानं सांगितल्याची श्रद्धा आहे. ‘देव आहे पण देऊळ नाही, घर आहे पण दार नाही, झाड आहे पण सावली नाही’ ही म्हण त्यातूनच रुळली.

खरा गुंता ‘दार’ या शब्दाचा आहे. मराठीत दार म्हणजे आत-बाहेर करायची मोकळी जागाही आणि ती बंद करणारं कवाडही. शिंगणापूरच्या जुन्या घरांना उंबरा आहे, चौकट आहे. नाही ते कवाड आणि कडी-कोयंडा. कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री फळी टेकवतात, आडोशाला पडदा लावतात. फळी दिसली की ‘दारं आली, प्रथा मोडली’ असं बाहेरचे म्हणतात, ते मला पटत नाही. टेकवलेली फळी कुणालाही बाजूला सारता येते. व्रत आहे ते कुलूप न लावण्याचं, आणि नावापेक्षा तेच मोलाचं.

म्हणूनच जानेवारी 2011 मधला निर्णय मला जास्त खटकतो. एका राष्ट्रीयीकृत बँकेनं इथं ‘बिनकुलुपाची’ शाखा उघडली. तिला काचेचं दार बसवलं आणि सहज नजरेस न येणारं विद्युतचुंबकीय कुलूपही. गावाचा मान राखायची इच्छा त्यात होती, हे मान्य. पण कवाड दिसतं आणि कुलूप दिसत नाही, म्हणजे प्रथा नेमकी उलटी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, 2010 मध्ये, एका भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झाली होती. ती चोरी गावाबाहेर घडल्याचं गावकऱ्यांचं म्हणणं होतं.

एप्रिल 2016 मध्ये शनिदेवाच्या शिळेचा चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला. तो वाद देशभर गाजला, पण टोपणनावाशी त्याचा संबंध नाही. संबंध आहे तो सप्टेंबर 2015 मध्ये सुरू झालेल्या पोलीस ठाण्याचा. त्याच्या दर्शनी बाजूलाही कवाड ठेवलं नाही.