गाभण सापीण उंदीर का नाकारते?

जानेवारीतली गोष्ट. निफाडचा पारा एक आकड्यावर आला होता, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटत होत्या. नाशिकरोडहून ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. त्याच्याकडे बॉल पायथन या आफ्रिकी अजगराची मादी आहे. "दादा, तीन आठवडे झाले, उंदराला तोंड लावत नाही. पोटात अंडी आहेत. आई म्हणते, दोन जिवांची आहे, काहीतरी खायलाच हवं तिने."

जाऊन पाहिलं तर मादी पेटीच्या गरम कोपऱ्यात एका कुशीवर कलंडून पडलेली, पोट तापलेल्या तळाला टेकवून. मुलगा मात्र रोज वेगवेगळ्या आकाराचा उंदीर तिच्यापुढे नाचवून दमला होता.

त्याच्या आईचं म्हणणं माणसाच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. आपल्याकडे बाळ नऊ महिने आईच्या रक्तातून पोषण घेतं, म्हणून डोहाळे पुरवायचे, म्हणून डोहाळजेवण. अंडी घालणाऱ्या सापिणीचं जेवण मात्र कधीच उरकलेलं असतं. शिकार भरपूर मिळते त्या दिवसांत ती खाऊन घेते आणि ती चरबी पोटाच्या पोकळीत लांबट पट्ट्यांसारखी साठते. मग संप्रेरकांचा इशारा मिळाला की यकृत त्या साठ्यातून एक खास प्रथिन तयार करतं. ते रक्तातून अंडाशयात पोचतं आणि त्याचा पिवळा बलक होतो. पिल्लाला लागणारी चरबी, प्रथिनं आणि बरंचसं कॅल्शियमसुद्धा याच बलकात भरलेलं असतं. अंडं अंडाशयातून सुटलं, की शिदोरी बांधून झाली. त्यानंतर आईने खाल्लेला उंदीर त्या बलकात जात नाही.

साठा अपुरा असेल तर काही जातींच्या माद्या त्या वर्षी अंडी धरतच नाहीत. युरोपातल्या काही विषारी सापांच्या माद्या दोन-तीन वर्षांतून एकदाच विणीला येतात, मधली वर्षं अंगावर चरबी चढवण्यात जातात. म्हणून खाऊ घालायची खरी वेळ मिलनाच्या आधीची आणि बलक भरत असतानाची. तेव्हा मादी हावरटासारखी खाते, तेव्हा हात आखडता घेऊ नये.

पुढे ती का थांबते? एक तर जागाच उरत नाही. आणि साप शिकार अख्खी गिळतो, ती पचवणं हे मोठं काम असतं. बर्मी अजगराचं हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, यावरून त्या कष्टांची कल्पना यावी.

तिसरं कारण उष्णता, आणि नाशिकच्या थंडीत मला याचीच सगळ्यांत जास्त काळजी वाटते. सापाला अंगची ऊब बाहेरून घ्यावी लागते. पोटातल्या पिल्लांची वाढ नीट व्हावी म्हणून गाभण मादी उबेची जागा धरून बसते, शिकारीला हिंडत नाही. त्या मुलाच्या पेटीत थर्मोस्टॅट होता, पण रात्री वीज गेली की सगळं गार. अशा गारठ्यात पोटातला उंदीर पचत नाही, तो सडतो आणि साप उलटून टाकतो. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला प्राणी. त्याला उबदार कोपरा ३१-३२ अंश सेल्सिअसचा लागतो, आणि हवं तेव्हा सरकायला एक थोडी थंड बाजूही. मी त्याला उंदीर थांबवून आधी इन्व्हर्टर बघायला सांगितलं.

आपल्या शिवारातली घोणसही याच गणिताने चालते. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण २० ते ४०, कधी त्याहूनही जास्त. मे ते जुलैच्या दरम्यान द्राक्षबागेत, उसात अशी जाडजूड मादी सापडते. कुणी सर्पमित्र तिला बरणीत ठेवून उंदीर देऊ पाहत असेल, तर ती दया तिच्या जिवावर बेतू शकते. वनविभागाला कळवून तिला लवकरात लवकर योग्य अधिवासात सोडणं हेच तिचं बाळंतपण. दुधाची वाटी तर कोणत्याच सापापुढे ठेवू नये. दूध हे त्याचं अन्नच नाही. नागपंचमीला तो पितो, कारण गारुड्याने त्याला कित्येक दिवस तहानेलं ठेवलेलं असतं.

घरी पाळलेल्या मादीचं सांगायचं तर, मागत असेल तर नेहमीपेक्षा लहान शिकार, थोड्या थोड्या अंतराने द्यावी. नाकारली तर उचलून घ्यावी. जबरदस्तीने तोंडात कोंबणं म्हणजे भरल्या पोटावर दाब देणं. जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडू नये, तो सापालाच कुरतडतो. पाणी मात्र कायम हवं. अंडी घालायच्या साधारण महिनाभर आधी बॉल पायथन कात टाकते, त्यानंतर तर अन्नाचा विषयच काढू नये. काही अंडी बाहेर आली आणि पोटात गाठ तशीच राहून मादी कळा देत असेल, तर तासाभराचाही विलंब न करता सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा.

एक गोष्ट मी त्या मुलाला पहिल्याच दिवशी विचारली होती, नोंदणीची. नाग, धामण, मांडूळ, अजगर असे आपल्याकडचे साप पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. त्याने कागद दाखवला, तेव्हाच मी पुढे बोललो.

अजगरांच्या माद्या अंडी घातल्यावरही उपास सोडत नाहीत. वेटोळं घालून दोन महिने बसतात. आपला भारतीय अजगर तर स्नायू थरथरवून स्वतः ऊब तयार करतो. १८४१ साली पॅरिसमध्ये व्हॅलेन्सिएन या प्राणिशास्त्रज्ञाने अंड्यांवर बसलेल्या अजगराच्या वेटोळ्यातली उष्णता मोजली, ती आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त भरली.

नाशिकरोडच्या मादीने मार्चमध्ये सहा अंडी दिली. मुलाने ती उबवणीच्या डब्यात हलवली, पेटी धुऊन अंड्यांचा वास घालवला. आठवड्याने एक छोटा उंदीर चिमट्याने पुढे केला. तिने मान उचलली, जीभ दोनदा बाहेर काढली, आणि एका झडपेत तो ओढून घेतला. मुलाची आई दारातून बघत होती. म्हणाली, "आता हिला आणखी एक दे." आम्ही तिला पाच दिवस थांबायला लावलं.