फळ्यावरचा तक्ता

2004 साली पश्चिम केनियातल्या काही प्राथमिक शाळांमध्ये आठवीच्या वर्गावर बाहेरची एक व्यक्ती यायची. 40 मिनिटांचा तास. सुरुवातीला एक छोटी चित्रफीत, थोड्या गप्पा आणि मग फळ्यावर एक तक्ता: किसुमू या जवळच्या शहरात कोणत्या वयाच्या पुरुषांना आणि बायकांना एचआयव्हीची लागण किती प्रमाणात झाली आहे, त्याची टक्केवारी. एवढं झालं की ती व्यक्ती निघून जायची. पुन्हा येणं नाही.

तिथे आठवीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही सर्रास असतात. तक्ता त्यांना जे दाखवत होता ते साधं होतं. त्यांच्या वयाच्या मुलग्यांमध्ये लागण खूप कमी आणि पंचविशी ओलांडलेल्या पुरुषांमध्ये कितीतरी जास्त. विषाणू एकदा शरीरात शिरला की बाहेर पडत नाही, त्यामुळे वय आणि जोडीदार वाढत जातील तसं लागण झालेल्यांचं प्रमाणही वाढत जातं. पण शाळकरी मुलींना पैसे, भेटवस्तू देऊन जवळ करणारे पुरुष नेमके याच वयाचे असतात. तिकडे त्यांना ‘शुगर डॅडी’ म्हणतात.

हा प्रयोग पास्कलीन द्युपा या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा. एकूण 328 शाळा, त्यातल्या 71 शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे हा तास घेतला. याच 328 शाळांपैकी काहींमध्ये शिक्षकांना सरकारी एचआयव्ही अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण दिलं होतं. त्या अभ्यासक्रमाचा सगळा भर एकाच वाक्यावर: लग्नापर्यंत संयम पाळा.

आता परिणाम मोजायचा कसा? ‘तू काय करतेस?’ असं मुलीला विचारून खरं उत्तर मिळेल याची खात्री कुणी द्यावी? शिवाय नुकताच तास झालेला असेल तर ती पढवलेलंच उत्तर देणार. म्हणून द्युपाबाईंनी पुढच्या वर्षभरात किती मुलींना दिवस गेले ते मोजलं. असुरक्षित संबंधाचा हा पुरावा कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नसतो. तक्त्याचा तास झालेल्या शाळांमध्ये हे प्रमाण 28 टक्क्यांनी घटलं. संयमाच्या अभ्यासक्रमाने काहीच फरक पडला नाही.

मुलींनी स्वतः जे सांगितलं तेही बघण्यासारखं आहे. त्यांनी संबंध सोडले असं नाही. मोठ्या वयाचे पुरुष टाळले, आणि बरोबरीच्या मुलाशी संबंध आला तर निरोध वापरला. धर्मोपदेशकाला हा निकाल आवडणार नाही. साथरोगतज्ज्ञाला आवडेल, कारण विषाणू ज्या वाटेने पुढे सरकतो ती वाटच इथे अरुंद झाली.

केनियाची गोष्ट लांबची वाटत असेल तर पुण्याची सांगतो. भोसरीला तेव्हा ‘नारी’ नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे, आता तिचं नाव बदललंय. 1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांमध्ये आलेल्या बायकांची तपासणी झाली. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक डॉ. रमण गंगाखेडकर, पुढे कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसायचे तेच. देहविक्रय न करणाऱ्या बायकांमध्येही 13.6 टक्क्यांना एचआयव्ही निघाला. यातल्या बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आला नव्हता. ‘एकनिष्ठ राहा’ हा उपदेश त्यांनी तंतोतंत पाळला होता. धोका त्यांच्या वागण्यात नव्हताच, तो नवऱ्यासोबत घरात आला होता. उपदेश ऐकणाऱ्याच्या चारित्र्याकडे बघतो आणि विषाणू समोरच्या माणसाच्या रक्तात असतो, ही गफलत किसुमूत जशी, तशीच पुण्यातही.

आपल्या शाळांमध्ये अजून उपदेशाचाही तास धड होत नाही. प्रजननाचा धडा आला की ‘हा घरी वाचून या’ हे वाक्य माझ्या पिढीने ऐकलंय, आणि भाचरंडांकडून कळतं की ते अजून हयात आहे. 2005 च्या सुमारास केंद्र सरकार आणि ‘नाको’ या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि 2007 साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो बंद केला. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असं मत दिलं. मग 2020 पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात अकरा विषयांमधला एक म्हणून प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध परत आला. ‘आरोग्य’ म्हटलं की कुणी फारसं हरकत घेत नाही!

‘सांगितलं तर पोरं करून बघतील’ ही भीती मात्र शिल्लक आहेच. युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात याला आधार सापडला नाही. नीट शिकवलं तर मुलं पहिला संबंध लवकर ठेवत नाहीत, उलट काही ठिकाणी तो लांबलाच.

नीट शिकवणं म्हणजे काय, याचं एक साधं उदाहरण देतो. ‘डास चावल्याने एड्स होत नाही’ हे वाक्य भिंतीवर असतं. सातवीतलं हुशार पोर विचारतं, मलेरिया होतो, मग हा का नाही? प्रश्न बिनतोड आहे. ‘होत नाही म्हणजे नाही’ असं म्हणून त्याला गप्प केलं तर पुढचं तो मोबाइलवरून शिकेल. उत्तर असं की मलेरियाचा परजीवी डासाच्या अंगात वाढतो आणि लाळेतून पुढे जातो. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या विशिष्ट पांढऱ्या पेशी लागतात. सीडी-4 नावाचं प्रथिन हे त्या पेशींचं कुलूप आणि विषाणूकडे फक्त त्याचीच किल्ली. डासाकडे अशा पेशीच नाहीत, विषाणू त्याच्या पोटात पचून जातो. शिवाय डासाच्या सोंडेत दोन नळ्या असतात, एकीतून लाळ आत सोडायची, दुसरीतून रक्त वर ओढायचं. आधीच्या माणसाचं रक्त तो पुढच्याला टोचत नाही. हे कळलेल्या मुलाला, एकत्र जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने का लागण होत नाही, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि शेजारी बसलेलं मूल खरोखरच एचआयव्ही असलेलं असू शकतं. देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगतात, राज्यांमध्ये सर्वात जास्त महाराष्ट्रात. त्यातली काही मुलं आठवी-नववीत आहेत, जन्मापासून विषाणू घेऊन. रोज गोळी घेतात, दर काही महिन्यांनी एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, जातात. औषध चुकवलं नाही आणि रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, की पुढे त्यांच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आता पक्कं ठाऊक आहे. आपल्याला काय आहे हे वर्गात सांगण्याची सक्ती त्यांच्यावर कुणी करू शकत नाही, 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तसं संरक्षण दिलंय. त्यामुळे बाईंना किंवा सरांना माहीत नसतं की कोण. 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, कवटीचं चित्र लावून ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असं कुणी घोकून घेतं, तेव्हा सकाळची गोळी घेऊन आलेलं ते पोर तिसऱ्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर तेच म्हणत असतं.