धोरणात्मक संवाद आराखडा

संस्थेने कोणाशी, कशासाठी, काय, कोणाच्या तोंडून आणि केव्हा बोलायचे, तसेच समोरच्याचे म्हणणे संस्थेपर्यंत परत कसे यायचे, हे संस्थेच्या मूळ उद्दिष्टाशी जोडून आधीच लेखी ठरविलेले असते, त्याला धोरणात्मक संवाद आराखडा म्हणतात. प्रसिद्धी हा त्याचा लहानसा भाग होय. आराखडा नसला तरी संस्था बोलतच असते; मात्र अध्यक्ष एक सांगतात, सचिव दुसरे, आणि गावात तिसरेच पसरते.

ग्रामीण विदर्भात शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संस्था, बचत गटांचे संघ आणि ग्रामसभा यांना अशा आराखड्याची गरज अधिक भासते, कारण येथील श्रोता एकजिनसी नाही. पश्चिमेकडे वऱ्हाडी, पूर्वेकडे झाडीबोली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, यवतमाळकडे कोलामी बोलली जाते. प्रमाण मराठीतले एकच पत्रक या सर्वांसाठी छापणारी संस्था वाचकाचा नव्हे, छापखान्याचा विचार करीत असते.

संदेश योग्य माणसापर्यंत न पोचण्याची किंमत 2017 च्या खरिपात दिसली. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती; पण संवादाची उणीव समजून घ्यायची तर कीटकनाशकाची बाटली हातात घेऊन पाहावी. तिच्यावरील चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सर्वांत जहाल आणि हिरवा सर्वांत सौम्य; तरी हिरवे औषधही विषच असते, आणि ज्याला या खुणेचा अर्थ कोणी सांगितलेला नाही त्याला हिरवा रंग निर्धोक वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय औषध विकत घेतो मालक, पाणी भरते घरची किंवा रोजाने आलेली बाई, आणि पंप पाठीवर घेतो मजूर; त्याच्या हाती बाटली येतच नाही, ड्रममधले कालवलेले पाणी येते. म्हणून केवळ कृषी सेवा केंद्रात फलक लावणाऱ्या संस्थेचा श्रोताच चुकलेला असतो. विचारपूर्वक केलेल्या आराखड्यात फवारणाऱ्या मजुराचे आणि पाणी भरणाऱ्या बाईचे नाव श्रोता म्हणून आधी येते, संदेश खुणेसह प्रत्यक्ष दाखविला जातो, आणि तो कपाशी उंच वाढून फवारणीची घाई सुरू होण्यापूर्वी, आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी मजूर वस्तीत, त्यांच्याच बोलीत सांगितला जातो.

संवादाचा अर्थ आधी ऐकणे असा घेतल्यास काय साधते, हे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेच्या कामात दिसते. आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते हे त्यांनाच विचारले गेले. मोठी इमारत परकी वाटते, नातलगांना जवळ राहू देत नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्यानुसार संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतील रुग्णालय गावासारख्या कुटीरचनेत उभे राहिले आणि त्याला मा दंतेश्वरी हे त्यांच्या देवीचे नाव मिळाले. येथे इमारतीची रचनाच संदेश झाली. ऐकलेल्या उत्तरानुसार संस्था स्वतः बदलणार नसेल, तर अभिप्रायाची वही ठेवून काही उपयोग नाही.

अडचणीच्या काळासाठीची तरतूद हा आराखड्याचा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. शेतकरी उत्पादक कंपनीकडून मिळायचा कापसाचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आठ दिवस लांबला की पारावर ‘कंपनी बुडाली’ अशी चर्चा सुरू होते आणि पुढच्या वेचणीचा माल व्यापाऱ्याकडे वळतो. अशा वेळी कोणी बोलायचे हे हंगामापूर्वीच ठरलेले असावे. त्या व्यक्तीने सभासदांना उशिराचे खरे कारण, पैसे मिळण्याची तारीख आणि ती तारीखही हुकल्यास कोणाकडे यायचे, हे अफवा पसरण्याआधी स्वतः जाऊन सांगावे. केवळ व्हॉट्सॲपवर संदेश टाकून हे काम भागत नाही, कारण ज्याचा चुकारा अडला आहे त्याला समोर माणूस हवा असतो, प्रश्न विचारण्यासाठी.