पार्श्वभूमी: पुण्यातले आतले रस्ते, गतिरोधक आणि नऊ मीटरचा वाद

पुण्यात आतल्या रस्त्यावरच्या भरधाव गाड्यांची तक्रार केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट पदरात पडते, ती म्हणजे गतिरोधक. गल्लीचं एक तोंड बंद करा, शॉर्टकट मारणाऱ्यांना आत येऊच देऊ नका, ही मागणीही तितकीच जुनी, पण ती क्वचितच मान्य होते. आणि वेग ज्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतो ती रस्त्याची रुंदी मात्र वाहतुकीशी फारसा संबंध नसलेल्या कारणांनी ठरत आली आहे. सहा मीटरचे आतले रस्ते नऊ मीटर रुंद करायचे का, हा वाद कळायचा तर या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

पेठांतल्या बोळांबद्दल इथे फार सांगण्यासारखं नाही. तिथला वेग वाड्यांच्या भिंतींनीच ठरवून टाकला होता. आजचा प्रश्न आहे तो नंतरच्या रस्त्यांचा. डेक्कन जिमखान्याच्या बाजूला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगल्यांचे भूखंड पडले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठची घरं वाहून गेली आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. सायकल, टांगा, क्वचित एखादी मोटार, एवढ्या हिशेबाने सहा मीटरचा रस्ता ऐसपैस होता. डेक्कनकडच्या गल्ल्यांचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्या दोन्ही बाजूंनी मोकळ्या आहेत. प्रभात रस्त्याच्या बऱ्याच गल्ल्यांतून माणूस सरळ भांडारकर रस्त्याला किंवा विधी महाविद्यालय रस्त्याला निघतो. चालणाऱ्याची यात मोठी सोय होती. पुढे हीच सोय गाडीवाल्यांच्या लक्षात आली.

सायकलींचं शहर दुचाकींचं कसं झालं ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ती सोडून देऊ. २०१८ मध्ये नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली तेव्हा कुणाला विशेष आश्चर्य वाटलं नाही, एवढं नोंदवलं तरी पुरे. आतल्या रस्त्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा ठरला तो मोठे रस्ते एकेरी करण्याचा मार्ग. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी झाले, मोठ्या रस्त्यांची कोंडी थोडी सुटली आणि उलट दिशेला जायचं असलेली माणसं मधल्या घोले रस्त्यावर, आपटे रस्त्यावर शिरली. एकेरी वाहतुकीचा फायदा मुख्य रस्त्याच्या खात्यावर मांडला जातो. गल्लीतल्या खर्चाची नोंद कुठेच होत नाही.

त्यानंतर दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. डिसेंबर २०१७ मध्ये गूगल मॅप्सने भारतात दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवायला सुरुवात केली आणि त्यात मोटारीला जाता न येणारे शॉर्टकटही धरले. तोवर बोळातून बोळात जायची वाट माहीत असणं हे त्या भागात राहिल्याचं लक्षण होतं. आता हडपसरहून आलेला माणूसही एरंडवण्यातल्या कोपऱ्यावर न अडखळता वळू लागला. दुसरीकडे मेट्रोची कामं सुरू होती. कर्वे रस्ता कित्येक महिने खांबांच्या खोदाईत अडकला, आणि जुलै २०२० मध्ये विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पाडल्यावर औंध, बाणेर, पाषाणकडची वाहतूक मिळेल त्या वाटेने जाऊ लागली. काम संपेपर्यंत पत्करलेली वाट नंतरही सवयीची होऊन बसते.

या सगळ्यावर गल्लीतल्या लोकांना मिळालं काय, तर डांबराचा उंचवटा.

गतिरोधक कसा असावा याचं देशपातळीवरचं मानक १९८८ पासून आहे आणि २०१८ मध्ये ते सुधारलं गेलं. मूळ मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत: गाडीच्या प्रवासाच्या दिशेने ३.७ मीटर लांबी, मध्ये फक्त १० सेंटिमीटर उंची, आणि त्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी जावी असा बेत. हाच ३.७ मीटर आणि १०० मिलिमीटरचा उंचवटा ब्रिटनने १९८३ च्या नियमांत घेतला होता. तिथल्या रस्ते-संशोधन प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात त्याच्या चाचण्या केल्या होत्या. मूळ माप बारा फूट आणि चार इंच, आपल्याकडे आलं ते मीटरमध्ये.

लांब आणि बुटका उंचवटा का, याचं कारण साधं आहे. अशा उंचवट्यावर वेग वाढेल तसा चालकाला बसणारा हिसका वाढतो, म्हणून तो आपणहून पाय आवरतो. अर्धा मीटर रुंदीचा, हातभर अंतरात चढून उतरणारा उंचवटा मात्र उलटा वागतो. हळू गेलं तर कंबर हलते, जोरात गेलं तर मोटारीचं सस्पेन्शन तो धक्का गिळून टाकतं. म्हणजे ज्याला आवरायचं त्याला तो सोडून देतो. शिक्षा होते ती मागे बसलेल्या आजींना, रिक्षातल्या गरोदर बाईला आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाला. पुण्याच्या गल्ल्यांत सापडतात ते बहुतांश या दुसऱ्या जातीचे. ४० मीटर आधी सूचनेची पाटी आणि काळे-पांढरे पट्टे असावेत असंही मानक सांगतं. पट्टे दिसतात, निदान पहिल्या पावसापर्यंत.

शिवाय पाणी तुंबू नये म्हणून गतिरोधक कडेला वीतभर आखूड ठेवतात. त्या फटीतून दुचाकी सुळकन निघते. पदपथ नसलेल्या गल्लीत चालणारा माणूस नेमका तिथेच असतो.

तरीही गतिरोधकच का? कारण तो एका रात्रीत होतो, किरकोळ खर्चात होतो आणि गल्लीतल्या लोकांना दिसतो. मार्च २०२२ मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याआधीच्या काळात नगरसेवकाला प्रभागात काम दाखवण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. कोणी बडा पाहुणा येणार असला की ताफ्याच्या वाटेवरचे गतिरोधक जितक्या सहज काढले जातात, त्यावरून ते कुठल्या अभ्यासाअंती बसवले असतील याचा अंदाज करावा.

गल्लीत कोणाला येऊ द्यायचं हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यासाठी कायद्यात जागा नाही असं म्हणता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ एखाद्या रस्त्यावर कमी वेगमर्यादा घालायची मुभा देतं, तर कलम ११५ सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचं स्वरूप पाहून वाहनांना मनाई किंवा निर्बंध घालायची. दोन्हींत एक बारीक अट आहे. वेगाचा निर्बंध किंवा वाहनबंदी एका महिन्याहून जास्त ठेवायची तर राजपत्रात अधिसूचना लागते. त्याहून कमी मुदतीला तिची गरज नाही. त्यामुळे तात्पुरता आदेश काढणं सोपं आणि तो कायम करणं खटपटीचं. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हा शब्दप्रयोग पुण्याच्या वर्तमानपत्रांत इतका ओळखीचा का झाला, त्यामागे ही तरतूदही असणार. पण हा अधिकार वापरला जातो तो मुख्य रस्त्यांसाठी, मिरवणुकांसाठी, जड वाहनांसाठी. रहिवासी भागातून आरपार जाणारी वाहतूक कायमची वळवण्यासाठी त्याचा उपयोग झाल्याची उदाहरणं शोधावी लागतात.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस घरांपुढचे रस्ते असे बदलले की गाडीला पायी माणसाच्या वेगाने जावं लागावं, आणि १९७६ मध्ये अशा रस्त्यांना तिथे कायद्याचं स्थान मिळालं. लंडनमध्ये २०२० साली गल्ल्यांच्या तोंडाशी कुंड्या आणि खांब उभे राहिले आणि त्यावरून कडाडून भांडणं झाली. आपल्याकडे भांडण व्हायलाही आधी तसा निर्णय व्हावा लागेल. तोवर लोक स्वतःच लोखंडी साखळी लावतात, ‘हा रस्ता खाजगी आहे’ अशी पाटी ठोकतात. मंजूर नकाशात तो रस्ता महापालिकेकडे गेलेला असला की त्या पाटीला काडीचाही अर्थ उरत नाही, आणि सोसायटीच्या मालकीचा असला तर शेजारची सोसायटी भांडायला येते.

आता नऊ मीटर.

जानेवारी २०१६ मध्ये राज्याने टीडीआरचं, म्हणजे एका जागेचे बांधकाम हक्क दुसऱ्या जागी वापरण्याचं, नवं धोरण आणलं. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला टीडीआर वापरता येणार नाही, अशी त्यात अट होती. अट चुकीची नव्हती. सहा मीटरच्या गल्लीत उंच इमारत उभी राहिली तर अग्निशमन दलाचा बंब वळणार कसा, हा रास्त सवाल त्यामागे होता. पण तिचा परिणाम झाला तो चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, लिफ्ट नसलेल्या सोसायट्यांवर. वाढीव बांधकाम मिळेना म्हणून बिल्डर येईना, बिल्डर येईना म्हणून पुनर्विकास होईना. तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेल्या म्हाताऱ्यांची अडचण खरी होती आणि ती नाकारण्यात काहीच अर्थ नाही.

त्यावर २०२० च्या मध्यावर तोडगा निघाला तो असा: शहरातले सहा मीटरचे ३२३ रस्ते महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली नऊ मीटरचे करायचे. स्थायी समितीने प्रस्ताव मंजूर केला. विरोधकांनी लगेच विचारलं, हेच ३२३ का? सहा मीटरचे रस्ते शहरात याहून कितीतरी जास्त आहेत, मग सगळेच घ्या. यादीतल्या कोणत्या रस्त्याने कोणत्या बिल्डरचं भलं होतं यावर आरोप-प्रत्यारोप रंगले. कुंपणालगतची जुनी झाडं जातील, हा मुद्दाही निघाला. वाद गाजला तो एफएसआयवर, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल यावर, आणि यादीवर. रुंद झालेल्या गल्लीत गाड्या किती जोरात जातील, ही बाब कोपऱ्यात राहिली.

खरं तर सगळ्यात सोपं गणित तेच होतं. सहा मीटरच्या गल्लीत एका बाजूला मोटारी उभ्या असल्या की उरतात चार मीटर. समोरून गाडी आली तर एकाला थांबावंच लागतं. गल्लीचा खरा गतिरोधक हाच. नऊ मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मोटारी लावल्या तरी पाच मीटर मोकळे राहतात आणि दोन गाड्या न थांबता एकमेकींना ओलांडतात. शॉर्टकट शोधणाऱ्याला आणखी काय हवं! पाण्याचा टँकर, शाळेची बस, काँक्रीटचा मिक्सर यांनाही ती वाट खुली होते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली आली आणि हे गणित कागदावर आणखी ठसठशीत झालं. दाट वस्तीबाहेरच्या भागात नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर एफएसआय १.१०, त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही की टीडीआर नाही. नऊ ते बारा मीटरच्या रस्त्यावर तोच १.१०, अधिक प्रीमियमचा ०.५०, अधिक टीडीआरचा ०.४०, म्हणजे एकूण २.००. तीन मीटरच्या फरकाने बांधकाम जवळजवळ दुप्पट होतं. इतकं मोठं बक्षीस रुंदीच्या पारड्यात पडल्यावर गल्ली अरुंदच राहू द्या म्हणणारा सोसायटीच्या सभेत एकटा पडतो. आणि ज्यांच्या रस्त्याची रुंदी वाढते त्यांच्याच इमारतीत सदनिका वाढतात, गाड्या वाढतात. रस्ता रुंद केल्याने जी जागा मिळते, तिचा पहिला वाटेकरी तिथेच जन्माला येतो.

प्रत्यक्षात हे रुंदीकरण एकदम होत नाही. ज्या सोसायटीचा पुनर्विकास येतो ती आपल्या बाजूचे दीड मीटर सोडते आणि मोबदला बांधकाम हक्कांत घेते. शेजारची अडून राहते. त्यामुळे गल्लीची कड करवतीच्या दात्यांसारखी आतबाहेर होत जाते, आणि आत सरकलेल्या तुकड्यांत पदपथ होण्याऐवजी मोटारी उभ्या राहतात. त्या तुकड्यांवर पदपथ सलग आखायचा की नाही, झाडं कुठे लावायची, वाहनतळ द्यायचं का, हे प्रत्येक इमारतीच्या परवानगीच्या वेळी स्वतंत्रपणे ठरतं. अख्ख्या गल्लीचा आराखडा कोणाच्याच टेबलावर नसतो.

वेगमर्यादेचा तपशीलही इथेच सांगून टाकावा. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत शहरी हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० आणि दुचाकीला ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा होती. यापेक्षा कमी मर्यादा राज्य किंवा स्थानिक पोलीस घालू शकतात, पण त्यासाठी वेगळा आदेश आणि रस्त्यावर पाटी लागते. प्रभात रस्त्याच्या गल्लीला असा आदेश नसेल, तर कागदावर तिची आणि शेजारच्या कर्वे रस्त्याची मर्यादा एकच.